केसपेपरवरचं 'सीएलडब्ल्यू'

प्रश्न : बाबा मोरीत घसरले, कपाळाला टाके पडले. कागदावर 'सीएलडब्ल्यू ३ × १ सेंमी, एलओसी नाही' लिहिलंय. म्हणजे काय?

उत्तर : सीएलडब्ल्यू म्हणजे 'कंट्यूज्ड लॅसरेटेड वून्ड', बोथट आघातानं ठेचून फाटलेली जखम. कडा वेड्यावाकड्या, आत पेशींचे धागे शिल्लक. सुरी-ब्लेडची जखम ती 'इन्साइज्ड', कडा सरळ. कपाळावर मात्र त्वचेखाली लगेच हाड, त्यामुळे बोथट मारानंही कातडी सरळ चिरते. पोलीस-केसमध्ये इथंच, अशी जखम सुरीची समजली जाऊन, घोळ होतो. आकडे लांबी-रुंदीचे. 'एलओसी नाही' म्हणजे शुद्ध हरपली नव्हती. तरीही बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर ताबडतोब रुग्णालयात न्या.