रोज प्रार्थना करूनही देव जवळ वाटत नाही, नातं घट्ट कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री प्रार्थना करता पण तीच तीच वाक्यं येतात, दोन मिनिटांत बोलणं संपतं आणि कोणी ऐकतंय असं वाटतच नाही. आधी एक सांगते, तीच वाक्यं येणं यात काही चूक नाहीये, गेथशेमाने बागेत येशूनंच तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (बायबलातलं मत्तयाचं पुस्तक, अध्याय 26). आणि शब्दच सुचत नसतील तर स्वतःचे शोधत बसू नका, स्तोत्रसंहिता उघडा, म्हणजे बायबलातलं प्रार्थनागीतांचं पुस्तक.

150 स्तोत्रं आहेत आणि आपण बहुतेक जण 23 वं तेवढं पाठ करतो. सुंदरच आहे ते, पण मन कोरडं असेल तेव्हा 13 वं वाचा. सहाच वचनं आहेत, सुरुवातच अशी की देवा तू मला अजून किती दिवस विसरणार, कुठवर तोंड लपवणार, आणि शेवटाला तोच माणूस म्हणतो मी तुझं गाणं गाईन. 88 वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते बायबलात आहे! म्हणजे देवाकडे तक्रार करणं हीसुद्धा प्रार्थनाच, मला तर याचा फार मोठा आधार वाटतो.

मी इंदूरला असते, चर्चमधली उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू यायच्या आत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, एकच स्तोत्र मोठ्यानं आणि अगदी सावकाश वाचते, जिथे मन अडकेल तिथे थांबते, तीच ओळ परत म्हणते आणि मग त्यात आपलं घरचं घालते, म्हणजे "कुठवर" म्हणताना सासूबाईंचं डायलिसिस, मुलाची नोकरी, जे असेल ते नाव घेऊन बोलायचं. मग थोडं गप्प बसायचं. मन भरकटून गॅस सिलेंडरवर गेलं तर तेही देवाला सांगून टाकायचं, त्यात काय.

वाचनात मन लागत नसेल तर गा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक (1861–1919) तर म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यांचे अभंग मराठी चर्चमध्ये अजून गातात, एक चरण घोळवत राहिलात तरी पुरे.

फक्त रोज "आज काही जाणवलं का" हे तपासू नका, त्यानंच जास्त थकायला होतं. आणि अगदीच तोंडातून शब्द फुटत नसेल त्या आठवड्यात तुमच्या भागातल्या कॉटेज मीटिंगला, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, जाऊन नुसते बसा, तुमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून सांगा आणि बाकीच्यांना करू द्या.