ताजं रक्तच हवं का?

प्रश्न : आईच्या ऑपरेशनसाठी ३० दिवसांपूर्वीची रक्तपिशवी आली आहे. मामाचं ताजं रक्त द्यायला सांगू का?

उत्तर : नको. पेशी टिकवणाऱ्या एसएजीएम द्रावणातल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ४२ दिवस चालतात. तोवर पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपतं, काही पेशी फुटतात. तरी मोठ्या चाचण्यांत ताज्या रक्तानं मृत्यू घटलेले दिसले नाहीत. खरी कुरबुर पांढऱ्या पेशींची. साठवणीत त्या सायटोकाइन नावाची, ताप आणणारी रसायनं सोडतात, मग रुग्णाला थंडी-ताप. म्हणून साठवण्याआधीच फिल्टर केलेली पिशवी मिळते का, ते रक्तपेढीत विचारा. उलट, रक्ताच्या नातलगाच्या ताज्या पिशवीतल्या जिवंत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) क्वचित रुग्णावरच उलटतात, आणि ते बहुधा जिवावर बेततं. द्यायचंच तर त्या पेशी निकामी करायला किमान २५ ग्रे (किरणोत्साराचं एकक) किरणोत्सार दिलेलं. नवजात बाळाचं रक्त बदलताना मात्र पोटॅशियममुळे ताजी पिशवीच घेतात.