बाईंना विचारा : शरीर शिकू की समाज?

प्रश्न : आदरणीय बाई, मी हर्णैची. बारावी सायन्स झाले. बायोलॉजीत मार्क चांगले आहेत, पण नीटचा स्कोअर एमबीबीएसला पुरत नाही. आई आशा वर्कर आहे, बाबा बोटीवर तांडेल. अमेरिकेतल्या मावसभावाने तिथल्या एका विद्यापीठाची माहिती पाठवलीय. मानवी शरीरक्रियाशास्त्र आणि ‘सामाजिक बदलासाठी नेतृत्व’ हे दोन्ही तिथे एकाच डिग्रीत घेता येतात. मला दोन्हीची ओढ आहे. बाबा म्हणतात, पुढारीपण शिकायला फी कशाला? इकडे राहून असं काही करता येईल का?

उत्तर : तुझ्या बाबांचा टोला मला आवडला, पण तो अर्धाच बरोबर आहे. त्याकडे नंतर येते.

आधी अमेरिका. तिकडे चार वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाला दुसरा छोटा विषय जोडायची जुनी पद्धत आहे, म्हणून भावाने पाठवलेली जोडी काही जगावेगळी नाही. ऑरेगन विद्यापीठात तर मानवी शरीरक्रियाशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे. पण एवढी पदवी घेतली म्हणून तिथेही कुणी पेशंट तपासत नाही. मुलं त्यानंतर मेडिकलला, फिजिओथेरपीला, नर्सिंगला जातात. म्हणजे चार वर्षांचा परदेशातला खर्च करून तू पुन्हा प्रवेशाच्या रांगेतच उभी राहणार. पूर्ण स्कॉलरशिप हातात पडली तर बोलू. कर्ज काढून मात्र मुळीच नको.

इकडे या नावाची सुटी बीएस्सी शोधत बसू नकोस. हा विषय झूलॉजीत थोडा येतो, नर्सिंग आणि फिजिओथेरपीत चांगला घसघशीत येतो. पुढे मेडिकल कॉलेजात एमएस्सी मेडिकल फिजिऑलॉजी असते, तीन वर्षांची. ती शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी. तिने डॉक्टर होता येत नाही, हे एजंट सांगत नाहीत.

आता तुझा खरा प्रश्न, दोन्ही एकत्र कसं जमवायचं. त्यासाठी महाडकडे बघ. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः पोरं, डोळ्यांदेखत जात. हे विष स्वायत्त मज्जासंस्थेला असं डिवचतं, की अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात उसळतात. हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात. त्या आवळलेल्या वाटांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून हा क्रम टिपला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी त्यांनी वापरली, आणि ४० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर १ टक्क्यापर्यंत उतरला.

म्हणजे शरीरक्रिया नीट कळली म्हणून उपाय सापडला. पण गोळी सापडली म्हणून माणसं आपोआप वाचत नाहीत. विंचू उतरवणाऱ्याकडे तास-दोन तास घालवून मगच दवाखाना गाठायचा, ही सवय मोडावी लागते. ती मोडायला तुझ्या आईसारखं, गावाचा विश्वास असलेलं माणूस लागतं. नेतृत्व म्हणतात ते हे. मला तरी माईकपुढचं नेतृत्व फारसं कळत नाही.

आणि हे शिकता येतं. त्याच महाडात चवदार तळं आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक बोल्यांचा ठराव झाला, नंतर महाडच्या नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तिथे पाणी प्यायले, त्याआधी रामचंद्र मोरे आणि स्थानिक कार्यकर्ते परिषदेसाठी गावोगाव फिरले होते. परिषदेसाठीचं पाणीसुद्धा विकत घ्यावं लागलं होतं! नंतर कोर्टात लढाई चालली ती थेट १९३७ पर्यंत. सभा कशी भरवायची, ठराव कसा लिहायचा, पैसे कुठून आणायचे, दावा किती वर्षं रेटायचा, ही कौशल्यंच आहेत. बाबांना हे जरूर वाचून दाखव.

तेव्हा माझं मत असं : आधी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं. त्याची सीईटी वेगळी असते, नीटचा स्कोअर तिथे आड येत नाही. पुढे सरकारी आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाट खुली राहते. डोंगराळ भागात साधारण तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र धरतात. एवढ्या लोकांचं बीपी, शुगर, बाळंतपणं, पावसाळ्यातला लेप्टोचा ताप सांभाळताना शरीर आणि समाज एकाच टेबलावर येतात. दोन-तीन वर्षं हे केलंस की एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला जा. तिला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६ पासूनची) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. टाटाचं तुळजापूरचं केंद्र ग्रामीण कामासाठी. वर्गाइतकंच फील्डवर्क असतं, आणि कामाचा अनुभव घेऊन आलेली मुलं तिथे वेगळीच चमकतात. बारावीनंतर थेट नेतृत्वाचा कोर्स करायला माझा विरोध आहे तो याचसाठी : हाताशी काम नसलेल्याला गाव ऐकून घेत नाही.

नर्सिंग अगदीच नको असेल तर रत्नागिरी-दापोलीत झूलॉजी घे आणि नव्या शैक्षणिक धोरणातला मायनर, म्हणजे जोडीचा छोटा विषय समाजशास्त्राकडचा मिळतो का, ते प्रवेशाआधी कॉलेजात विचार. सगळीकडे मिळेलच असं नाही.

यंदाच्या सुट्टीत आईबरोबर गृहभेटींना जा, तिचं रजिस्टर भरायला शीक. आणि डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आत्ताच काढून ठेव. प्रवेश सुरू झाले की सेतूत उभं राहायला जागा नसते.