तीन फुटी टाकीत तळाशी राहणारे कोणते मासे एकत्र ठेवता येतील?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, घरच्या तीन फुटी फिश टँकमध्ये गप्पी, निऑन टेट्रा आणि गुरामीची एक जोडी आहे, तळ मात्र ओकाबोका दिसतो. दुकानदाराने एक सकर, एक लाल शेपटीचा शार्क आणि दोन क्लाउन लोच असे मिश्रण सुचवले आहे, तर ते आणावे का? मीही नाशिकचाच असून बरीच वर्षे टाकी सांभाळतो आहे. माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे आणि त्याचे कारण मुख्यतः जागेचे आहे.

टाकी किती लिटरची आहे, यावर आपण मासे मोजतो. परंतु तळाचा मासा लिटरमध्ये राहत नाही, तो जमिनीवर राहतो. 36 बाय 15 इंचांच्या टाकीत पाणी दीडशे लिटरच्या आसपास मावत असले, तरी तळ भरतो जेमतेम पावणेचार चौरस फूट, आणि त्यातलीही बरीच जागा दगड, लाकूड व झाडांच्या कुंड्या अडवतात. एवढ्याशा अंगणात चार स्वभावांचे चार भाडेकरू ठेवण्यापेक्षा एकाच जातीचे सहा ठेवावेत, असे माझे मत आहे.

दुकानात 'सकर' म्हणून मिळणारे बोटभर पिल्लू बहुधा साध्या प्लेकोचे असते. ते फूटभर किंवा त्याहून अधिक वाढते, विष्ठेने टाकी भरून टाकते आणि शेवाळ खाण्याचा उत्साह वयाबरोबर गमावते. मग लोक ते गोदावरीत सोडण्याचा विचार करतात. तसे कदापि करू नये, कारण दक्षिण अमेरिकेतील या माशांनी भारतातल्या अनेक जलाशयांत आधीच ठाण मांडले आहे. क्लाउन लोच स्वभावाने गोड आहे, पण तोही फूटभर होऊ शकतो आणि त्याला पाच-सहांची सोबत लागते, म्हणजे तीन फुटांत त्याचा विचारच नको. लाल शेपटीचा शार्क मुळात शार्क नव्हे; तो थायलंडमधील कार्पच्या कुळातला मासा आहे, आणि मोठा झाल्यावर तळाचा सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा तो इतरांना हुसकावून लावतो.

आपल्या टाकीसाठी मी सहा ते आठ ब्राँझ कोरी सुचवेन. कोरिडोरस गटातले हे मासे सहा-सात सेंटिमीटरांपर्यंत वाढतात, कोणाच्या वाटेला जात नाहीत आणि कळपात असले तरच मोकळेपणाने वावरतात. एकटा कोरी कोपऱ्यात दगडासारखा बसून राहतो. तो मधूनच सरळ वर झेपावून हवेचा घोट घेतो, तेव्हा घाबरू नये, कारण ती हवा तो आतड्यातून शोषून घेतो. मात्र सगळेच मासे सतत वर जाऊ लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे असे समजून एअर पंप आणि फिल्टर तपासावा.

कोरीच्या खऱ्या गरजेकडे, म्हणजे वाळूकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. माझ्या पहिल्या टाकीत निळी-गुलाबी टोकदार खडी होती आणि तिच्याखाली अन्न कुजत असे. काही महिन्यांतच कोऱ्यांच्या मिशा झिजून त्यांची नुसती खुंटे उरली. त्यानंतर मी बांधकामाची नदीची बारीक वाळू चाळून घेतली आणि बादलीतले पाणी गढूळ येईनासे होईपर्यंत धुतली. आपल्याकडच्या वाळूत चुनखडीचे खडे असू शकतात, म्हणून मूठभर वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर ती वाळू वापरू नये. आणखी एक लहानशी सूचना: कोरी पकडताना जाळीऐवजी वाटी किंवा प्लास्टिकचा डबा वापरावा. त्याच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात. मला एकदा मासा सोडवण्यासाठी चांगली जाळी कात्रीने कापावी लागली होती.

जोडीला दुसरे काही हवेच असेल, तर एकच ब्रिसलनोज प्लेको घ्यावा. तो पाच-सहा इंचांत थांबतो, लाकूड खरवडत बसतो आणि कोऱ्यांशी त्याचे भांडण होत नाही. दोन नर मात्र एका बिळासाठी झगडतात. कुहली लोच हा सापासारखा सडपातळ मासाही चालेल, पण त्याचेही पाच-सहा घ्यावे लागतात, दिवसा ते क्वचितच दिसतात आणि झाकणाच्या फटीतून किंवा फिल्टरच्या नळीतून सहज निसटतात. त्यामुळे कोरींबरोबर ब्रिसलनोज किंवा कुहली यांपैकी एकच निवडावा.

नाशिकच्या हवामानाचाही विचार करावा लागेल. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक अंकी आकड्यापर्यंत उतरतो, म्हणून दीडशे वॅटचा हीटर 25 अंशांवर लावावा. याउलट उन्हाळ्यात पाणी बरेच तापते, त्यामुळे थंडावा मानवणारा पांडा कोरी कितीही देखणा असला, तरी मी तो येथे घेत नाही. महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन औषधाने घालवल्याशिवाय ते पाणी टाकीत टाकू नये, आणि सोसायटीत बोअरचे पाणी मिसळत असल्यास त्याचा जडपणा, म्हणजे क्षारांचे प्रमाण, तपासून घ्यावा. गप्पींना जड पाणी मानवते, निऑनला नाही. गप्पींसाठी मीठ घालण्याची सवय असेल, तर ती कोरी आणण्यापूर्वी सोडावी.

वरून टाकलेले खाणे गप्पी तळापर्यंत पोहोचू देत नाहीत, आणि उरलेसुरले खाऊन कोरी जगतो हा समज चुकीचा आहे. रात्री दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने तळाच्या माशांसाठी मिळणाऱ्या बुडत्या खाद्याच्या (वेफरच्या) दोन गोळ्या टाकाव्यात आणि सकाळी त्यातले काही शिल्लक दिसले, तर ते काढून दुसऱ्या रात्री एकच गोळी टाकावी.