उन्हाळ्यात क्रॉल स्पेसच्या जाळ्या उघड्या ठेवायच्या की बंद करायच्या?

बंद करायच्या. तुम्ही लिहिलंय की जॉर्जियात घर घेतलंय, जुलैत क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराची फरशी आणि जमीन यांच्यामधल्या बुटक्या पोकळीत, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि घर तपासणारा इन्स्पेक्टर म्हणतो, पायाच्या भिंतीतल्या जाळ्या उघडून हवा खेळती ठेवा. हे 'हवा खेळती ठेवा' आमच्या घरात इतकं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रॅलीजवळ राहतो. घर विटांच्या पायावर, खाली जेमतेम रांगत जाता येईल एवढी जागा, आणि जमीन लाल चिकणमातीची. उन्हाळ्यात हॉलमध्ये कुबट वास यायला लागला. नवऱ्याने पहिला फोन त्याच्या धाकट्या भावाला केला, कारण दीर सिव्हिल इंजिनिअर. तो मला म्हणाला, "वहिनी, सावंतवाडीच्या घरात ओल आली की आजी काय करायची? दारं-खिडक्या उघडायची. तुम्ही दोन पंखे बसवा." मी म्हटलं, बाहेरचीच हवा दमट आहे, ती आत ओढून काय वाळणार? माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे विषय तिथेच संपला आणि पंखे बसले.

वास वाढला. शेवटी मीच जुने कपडे घालून, डोक्याला दिवा बांधून खाली उतरले. एसीच्या डक्टवरून, म्हणजे गार हवा नेणाऱ्या नळीवरून, पाणी ठिबकत होतं. फायबरग्लासचं इन्सुलेशन भिजून लोंबत होतं. जॉइस्टवर, म्हणजे फरशी तोलणाऱ्या लाकडी तुळयांवर, पांढरी बुरशी धरली होती आणि लाकडात खुपसायच्या मीटरवर २२ टक्के ओलावा. वीसच्या वर गेलं की लाकडाची काळजी करायची असते.

कारण सरळ आहे. बाहेर ३२ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, साधारण २३ अंश येतो. खाली माती थंड, वरून एसीचा गारवा. तिथे २१-२२ अंशच असतात, डक्ट तर त्याहून थंड. म्हणजे जाळीतून येणारी हवा आत शिरली की पाणी सोडणारच. पंखा लावलात तर अशी हवा आणखी येईल. सावंतवाडीच्या घरात एसी नव्हता. आत-बाहेर तापमान जवळजवळ सारखं, त्यामुळे वाऱ्याने भिंती सुकायच्या. आजींचं तिथे बरोबरच होतं. ते इथे लागू करणारा इंजिनिअर चूक होता, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहिते.

आणि हे माझ्या एकटीचं मत नाही. रॅलीतल्याच ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिलमधल्या १२ घरांवर अभ्यास केला होता. बंद क्रॉल स्पेस उन्हाळाभर कोरड्या राहिल्या, शिवाय त्या घरांना गरम-थंड करायला १५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा कमी लागली.

नुसत्या जाळ्या बुजवून मात्र भागत नाही. आधी पाणी तोडा: पन्हळीचे पाइप पायापासून लांब न्या, जमिनीचा उतार घराबाहेर करा, कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी खाली सुटलेली नाही ना ते बघा. मग माती प्लास्टिकने पूर्ण झाका. बांधकामाच्या नियमांना ६ मिल जाडी पुरते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पण त्यावरून रांगायचं असतं, म्हणून आम्ही १२ मिल घेतलं. सांधे एकमेकांवर चढवून टेप लावा आणि कडा भिंतीवर चढवा. जाळ्या त्यानंतर बंद. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र, ५० टक्क्यांवर ठेवा आणि त्याचं पाणी नळीने बाहेर काढा, बादलीच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे आता भर ऑगस्टमध्येही आर्द्रतेचा आकडा ५५ च्या वर जात नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. खाली गॅसचा वॉटर हीटर किंवा घर गरम करणारी फर्नेस असेल आणि तो जळायला तिथलीच हवा घेत असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय एकही जाळी बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. घर पूरक्षेत्रात असेल तर पुराचं पाणी आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोकं बुजवता येत नाहीत. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, तपासणी करून घ्या. प्लास्टिक चढवताना भिंतीचा वरचा पट्टा उघडा ठेवा, वाळवी तपासणाऱ्याला तो दिसावा लागतो. आणि हे सगळं दमट उन्हाळ्याच्या भागासाठी. कोलोरॅडोसारख्या कोरड्या राज्यात हिशेब वेगळा.

दिराचं घर अटलांटात आहे, म्हणजे तुमच्याच राज्यात. त्याच्याकडे अजून पंखे चालू आहेत. मागच्या भेटीत त्याच्या जेवणघरातल्या लाकडी फळ्यांच्या कडा वर उचललेल्या दिसल्या, म्हणजे ओल खालून येतेय. तो म्हणतो, लाकूडच हलकं लागलं. तुमच्या फळ्या तशा झाल्या असतील तर फ्लोअरिंगवाल्याला बोलावून पॉलिश करून घेऊ नका. आधी खाली उतरा आणि जॉइस्टला मीटर लावा.