सोयाबीनच्या मुळांवरील गाठी : रोग की कमाई?

प्रश्न : शेतातले सोयाबीनचे रोप उपटले, तेव्हा मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या. नखाने फोडल्यावर काही आतून लाल, तर काही हिरवट निघाल्या. हा रोग आहे का? रोपे थोडी फिकट आहेत. युरिया द्यावा का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हा रोग नव्हे. रोगाच्या गाठी सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे सूक्ष्म कृमी, यांच्यामुळे होतात; त्यांत मूळच फुगलेले असते. आपण पाहिलेली गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि बोटाने सहज सुटते. तिच्यात ब्रॅडीरायझोबियम हे जिवाणू राहतात. मुळांतून पाझरणारी विशिष्ट द्रव्ये ओळखून ते रासायनिक संकेत सोडतात, त्याने मूळरोमांची टोके वळतात आणि त्या वळणातून आत शिरलेल्या जिवाणूंसाठी वनस्पती स्वतःच गाठ तयार करते.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असला, तरी त्याच्या रेणूतील बंध इतका घट्ट असतो की वनस्पतीला तो थेट वापरता येत नाही. जिवाणूंचे नायट्रोजनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) त्यापासून अमोनिया बनवते आणि मोबदल्यात वनस्पती जिवाणूंना पोसते. मात्र हे विकर प्राणवायूने निकामी होते आणि जिवाणूंना श्वसनासाठी तर प्राणवायू हवाच असतो. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवते : आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळचे हे प्रथिन प्राणवायू धरून ठेवते व जिवाणूंना बेताबेताने पुरवते. निसर्गातील इतकी नेमकी व्यवस्था मला तरी फार थोड्या ठिकाणी आढळली आहे. गाठीचा लाल रंग या प्रथिनाचाच. म्हणजे लाल गाठी काम करत आहेत, हिरवट गाठींचे काम संपले आहे. शेंगा भरताना असे होणे स्वाभाविक आहे. परंतु फुलोऱ्याआधीच बहुतेक गाठी हिरवट असतील, तर शेतात पाणी साचले होते का, ते पाहावे, कारण माळव्याच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही.

युरियाची घाई करू नये. युरियातून तयार नत्र (नायट्रोजन) मिळू लागले की वनस्पती गाठी पोसणे कमी करते. शिवाय कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता असू शकते. तिथे युरियाचा उपयोग नाही.

पुढच्या खरिपात पेरणीपूर्वी बियाण्याला सोयाबीनचेच जिवाणू संवर्धक (गाठींतील जिवाणूंचे पाकीट) चोळून ते सावलीत सुकवावे. रब्बीत हरभऱ्याला मात्र हे पाकीट चालणार नाही, कारण त्याच्या गाठींतील जिवाणू वेगळे असतात.