दोन्ही स्तनांत कॅन्सर म्हणजे चौथी स्टेज का? दोन्ही काढावेच लागतात का?

तुमच्या ताईच्या दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या आणि घरात सगळे 'पसरला, आता चौथी स्टेज' म्हणत रडताहेत, हे वाचलं आणि राहवलं नाही. सहा वर्षांपूर्वी, शेहेचाळिसाव्या वर्षी, माझ्या घरी हेच चाललं होतं. बहुतेक वेळा तसं नसतं. बहुधा ते दोन वेगवेगळे कॅन्सर असतात आणि प्रत्येकाची स्टेज वेगळी ठरते. दुसरीकडची गाठ खरोखर पसरलेली निघणं क्वचित घडतं, ते तपासणीत कळतं.

म्हणून आज एकच करा. बायोप्सी दोन्हीकडची झाली आहे का, बघा. ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते दाखवणाऱ्या तपासण्या) आणि हर टू (गाठीतल्या एका प्रथिनाची तपासणी) यांचे रिपोर्ट डावीकडचे वेगळे, उजवीकडचे वेगळे हवेत. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी फक्त उजवीकडची मोठी गाठ तपासली, 'दुसरी पण तीच असणार' म्हणाले. उजवी निघाली ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह, काखेतल्या गाठीसकट. पुढे टाटात, परळला, डावीकडची तपासली तर ती हार्मोन पॉझिटिव्ह! ती तपासलीच नसती तर आज रोज घेते ती लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी, गोळी मला मिळालीच नसती.

केमो दोन्ही गाठींसाठी एकच असते, जी गाठ जास्त आक्रमक तिच्या हिशोबाने. माझी ऑपरेशनच्या आधी झाली, आधी ती लाल औषधाची, मग पॅक्लिटॅक्सेल. गाठी आकसल्या.

दोन्ही स्तन काढावेच लागतात असं नाही. गाठी लहान असतील तर दोन्हीकडे फक्त गाठ काढून रेडिएशन देतात. डावीकडे हृदय जवळ असतं, म्हणून कधी कधी श्वास रोखून धरायला लावतात. मी दोन्ही काढले, कारण माझी जनुक तपासणी बीआरसीए १ पॉझिटिव्ह आली, म्हणजे स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष निघाला. बीजाशयंही काढली. दोन्हीकडे कॅन्सर असेल तर ही तपासणी मागाच. 'आईकडे कुणाला नव्हता' म्हणून सोडू नका; माझ्या आत्याला होता, दोष वडिलांकडून आला. ताईला निघाला तर तिच्या प्रत्येक मुलाला, मुलीला तो असण्याची शक्यता निम्मी, आणि तुम्हालाही तपासून घ्यावं लागेल. माझ्या लेकीला हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता, पण सांगितलं.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. ऑपरेशननंतर दोन्ही कुशींतून साचलेलं पाणी काढणाऱ्या नळ्या असतात. कुशीवर वळता येत नाही, वेणी घालता येत नाही, पदरही सावरता येत नाही. पुढून उघडणारे गाऊन शिवून ठेवा आणि पहिले पंधरा दिवस एक बाईमाणूस चोवीस तास जवळ असू द्या. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, दुखलं तरी. काखेतल्या सगळ्या गाठी (लिम्फ नोड) काढलेल्या बाजूच्या हातावर सुई, बीपी शक्यतो नको. दोन्ही काखांचं ऑपरेशन होणार असेल तर केमो सुरू होण्याआधीच पोर्टबद्दल (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवतात त्या छोट्या डबीबद्दल) विचारा. माझ्या शिरा तिसऱ्याच डोसला गेल्या.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालय योजनेत आहे ना, ते आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि दुसरीकडे मत घ्यायला निघालात तर पहिल्या लॅबमधून दोन्ही बाजूंचे ब्लॉक आणि स्लाइड (मेणात आणि काचेवर जपलेले गाठीचे नमुने) मागून न्या, नुसते कागद नेऊ नका.

रिपोर्ट हातात आले की इथेच लिहा, मी बघते.